वर्षाच्या आत

१२ जून
पुष्कर आज सकाळी बंगळूरला परत गेला. जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून ही डायरी आणून दिली. म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलत नाही. निदान लिहा तरी." काय लिहायचं ते त्याने सांगितलं नाही.
दोन मेला त्याची आई, पद्मजा, गेली. तेव्हापासून घरात कुणी ना कुणी होतं. आजपासून नाही. दूधवाल्याला पिशव्या कमी करायला सांगायचं राहिलं आहे. फ्रिजमध्ये दूध साठलंय.

१७ जून
पद्मजाच्या शाळेतून मुख्याध्यापिका मेघना बाईंचा फोन आला. मला वाटलं तिच्या पेन्शनच्या कागदांबद्दल असेल. तसं नव्हतं. आठवीचा तास कोण घेणार, असं त्या विचारत होत्या.
हा तास म्हणजे पद्मजाचं स्वतःचं काम होतं. परळ-लालबागकडच्या बऱ्याच महापालिका शाळा सातवीला संपतात. ती मुलं आठवीत हिच्या हायस्कुलात येत. आधीच्या शाळेत एकच बाई सगळे विषय शिकवायच्या. इथे दर तासाला नवे शिक्षक, आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. मुलं काही बोलत नाहीत, गप्प बसतात आणि दिवाळीपर्यंत एकेक जण यायचं बंद होतं. म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर ती त्यांना तासभर प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत घेऊन बसायची. माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी रात्री जेवताना या तासाबद्दल ऐकलं. बघायला कधी गेलो नाही.
मी म्हटलं, "बाई, मी शिपिंग कंपनीत हिशेब बघायचो. मला शिकवता येत नाही."
"शिकवायला आम्ही आहोत," त्या म्हणाल्या. "बसायला कुणी नाही."
विचार करून सांगतो म्हटलं.

१८ जून
हो म्हणून कळवलं. घरी तरी बसायचंच आहे.

२३ जून
पहिला दिवस. गिरगावातून बसने परळला गेलो. नऊ मुलं आली होती. माझ्याकडे बघत बसली, मीही त्यांच्याकडे. मग मला आठवलं की पद्मजा सुरुवातीला एकच प्रश्न विचारायची. आज काय कळलं नाही? 'सगळं कळलं' हे उत्तर चालायचं नाही. तो प्रश्न विचारला.
मग विनीत नावाचा मुलगा म्हणाला, "सर, ते पर्पेंडिक्युलर. मला तो पिक्चरमधला व्हिलन वाटला."
सगळे हसले. मी म्हटलं, त्याला मराठीत लंब म्हणतात. तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी एकदम वर बघून म्हणाली, "लंब? लंब तर मला येतो."
तिचं नाव प्राची. तिने फळ्यावर लंब काढून दाखवला, हाताने, कंपास नसताना, अगदी सरळ. तिला कंपास नाही म्हणून मी उद्या पद्मजाचा नेणार आहे. कपाटात पडून आहे.
येताना बसमध्ये झोप लागली. स्टॉप चुकला.

२ जुलै
दोन तारीख. दोन महिने झाले.

२५ जुलै
प्राची आज उशिरा आली. तिची आजी गंगुबाई गावी अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला इथल्या हॉस्पिटलात आणलंय. वडील जयवंत शिवडीला गोदामात कामाला आहेत, आई दुपारी पोळी-भाजी केंद्रावर असते, त्यामुळे दुपारचा डबा प्राची नेते. विनीत त्यांच्याच चाळीत राहतो, बरंचसं त्यानेच सांगितलं. ती फारसं बोलत नाही. ते मला बरं वाटतं.
मुलं पद्मजाबद्दल फार विचारतात. त्यांनी तिला पाहिलेलं नाही. "बाई मारायच्या का?" "बाई पण नऊ सत्ते विसरायच्या का?" तासातला निम्मा वेळ त्यातच जातो. हे बरोबर नाही. उद्यापासून आधी गणित.

८ ऑगस्ट
तास संपल्यावर प्राची थांबली. येत्या रविवारी घरी सत्यनारायणाची पूजा आहे, आजी घरी आली म्हणून. "पप्पांनी तुम्हाला या म्हणून सांगितलंय."
मी म्हटलं, "अगं, यंदा आमचं वर्ष आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर आम्ही कुणाकडे पूजेला, सणाला जात नाही. गोडही खात नाही. पप्पांना सांग, त्यांना कळेल."
"काका पण आलेत गावावरून. मोठे काका. भिवा काका."
"छान झालं."
ती दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली. मग म्हणाली, "प्रसाद नाय घेतला तरी चालेल. सर, दारात उभे राहिलात तरी चालेल."
हे लोक फार आग्रही असतात. मी हसून पुढच्या वर्षी नक्की येईन म्हटलं.

११ ऑगस्ट
प्राचीने स्टीलच्या लहान डबीत प्रसादाचा शिरा आणला. मी कपाळाला लावला आणि सगळ्या मुलांना वाटून टाकला. विनीतने डबी चाटूनपुसून साफ केली. प्राचीचा चेहरा उतरला होता. आजीची जागरणं चालू असतील.
मी विचारलं, "आज काय कळलं नाही?"
तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "सगळं कळलं."

२५ ऑगस्ट
उद्यापासून गणपतीची सुट्टी. कोकणातली मुलं आजपासूनच गळाली आहेत. प्राचीच्या घरचे रात्रीच्या गाडीने जाणार, आजीलाही नेतायत. जाण्याआधी तिने पद्मजाचा कंपास परत दिला. आतला खोडरबरसुद्धा धुऊन ठेवला होता.
मी म्हटलं, "आल्यावर दिला असतास तरी चाललं असतं."
"असू दे सर. हरवेल."
नीटनेटकी मुलगी आहे. पद्मजाला आवडली असती.

२ सप्टेंबर
चार महिने. गौरी आज गेल्या. बाजूच्या घरातून आरत्या ऐकू येत होत्या, दार लावून घेतलं. मग उगाच वाटलं म्हणून पुन्हा उघडलं.

९ सप्टेंबर
शाळा सुरू झाली. कोकणातली मुलं काळी होऊन परतली. प्राची आली नाही. विनीतला विचारलं.
"ती नाय येणार, सर. गावालाच ठेवली. आजीचं करायला."
"किती दिवस?"
"कायमची. तिकडच्या शाळेत घालणार म्हणे." मग जरा थांबून म्हणाला, "तिकडची शाळा लय लांबय. आणि आजी तर कॉटवरून उठत नाय."
आज आठजण होते.

१६ सप्टेंबर
शिवडीला गेलो. जयवंतना गोदामाच्या फाटकात गाठलं. चाळिशीचा शांत माणूस. ट्रकवाल्याला थांबवून त्यांनी मला आतल्या बाकावर बसवलं, चहा मागवला.
मी म्हटलं, "प्राचीला मधेच काढलंत. हुशार मुलगी आहे."
"मला माहीत नाय का ते, सर?" ते म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला पूजेला बोलावलं. तुम्ही आला नाहीत."
मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आई गावी एकटी पडून राहणार, भावाची बायको काजूच्या कारखान्यात जाते, तेव्हा प्राचीला गावी पाठवायचं, असं भिवाने पूजेच्या आधीच ठरवलं होतं. "तो मोठा. वडलांच्या मागे सगळं त्याने केलं. त्याच्यापुढे मी बोलू शकत नाय. हिची आई तर नायच. शाळेतला कोण माणूस पूजेला येऊन बसला असता, चार माणसांत बोलला असता, तर त्याने मान ठेवला असता. तो शाळेला मानतो. घरातल्याला नाय मानत."
"मला हे कुणी सांगितलं नाही."
"प्राचीने सांगितलं ना."
मी म्हटलं, तिने फक्त पूजेला या म्हणून सांगितलं. चहा गार झाला होता, तसाच घेतला.
येताना चालत कॉटन ग्रीनपर्यंत आलो आणि तिथे आठवलं. दारात उभे राहिलात तरी चालेल, असं ती म्हणाली होती.

२ ऑक्टोबर
पाच महिने. दसरा. काही केलं नाही.

७ ऑक्टोबर
मेघना बाईंना म्हटलं, गावच्या शाळेने अजून प्राचीचा दाखला मागवलेला नाही, म्हणजे ती परत येईल असं दिसतं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "माधवराव, दाखला मागवला नाही म्हणजे ती कुठल्याच शाळेत जात नाही."
पहिल्या सत्राची परीक्षा उद्यापासून. पद्मजा अशा वेळी काय करायची ते मला माहीत नाही. ती मला जमलेल्या मुलांच्या गोष्टी सांगायची. न जमलेल्यांच्या सांगितल्या असतील तर मी ऐकल्या नाहीत.
थकवा येतो. गुडघेही दुखतात. दिवाळीनंतर नाही जमणार, असं बाईंना सांगायचं ठरवलं आहे.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. दुपारी विनीतचा फोन आला. "सर, पऱ्या, म्हणजे प्राची, आलीये. आजीला दाखवायला आणलंय हॉस्पिटलात. काका पण आलेत, आत्याकडे भाऊबीजेला. परवा परत जाणार."
फोन ठेवला आणि पद्मजाच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिलो. मग शर्ट बदलला आणि लालबागला गेलो.
चाळीत तिसरा मजला. गॅलरीत कंदील. खोलीत सगळे होते. गंगुबाई कॉटवर, बाजूला चालण्याचा लोखंडी घोडा. खुर्चीत भिवा, पांढऱ्या मिशांचा. विनीत आणि अजून काही मुलं दारात. प्राची मोरीपाशी भांडी घासत होती. मला बघून तिने हात धुतले, पण पुढे आली नाही.
"या, मास्तर, बसा," भिवा म्हणाला. "पूजेक येतलात म्हणान सांगलेला. इलात नाय."
"वर्ष होतं. मे महिन्यात बायको गेली."
"आणि आता? झाला काय वरीस?"
"नाही."
"मगे?"
त्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून गेलो नव्हतो. तेवढ्यात प्राचीच्या आईने फराळाचं ताट माझ्यापुढे धरलं आणि मग लक्षात येऊन मागे घेऊ लागली. मी करंजी उचलली. प्राचीच्या आईचा हात ताटासकट थांबला. या घरात वर्ष म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. मी ती खाल्ली. सहा महिन्यांनी गोड खाल्लं, ते आधी दातांना जाणवलं.
कॉटवरून गंगुबाई म्हणाल्या, "भिवा, खाल्ल्यानी बघ."
भिवाने मिशीवरून हात फिरवला आणि मोरीकडे, प्राचीकडे पाहिलं. "ह्या चेडवासाठी?"
"हो."
त्याने कॉटकडे मान केली. "आवशीक कोण बघतला? शाळा काय पळान जाता?"
"पळते," मी म्हटलं. "दर तासाला घंटा होते आणि पुढचा विषय येतो. दोन महिने ती नाही. तिला परत जागेवर आणायला मला एप्रिल उजाडेल. अजून दोन महिने गेले तर मला ते जमणार नाही." एवढं सलग मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. मग पुढचं तोंडातून निघून गेलं. "आजींना इथेच ठेवा. सकाळी प्राचीची आई घरी असतेच. दुपारी मी बसेन. तास इथे घेऊ, या खोलीत."
"तुमी? हयसर?"
दारातून विनीत म्हणाला, "काका, सर बसण्यात एक्सपर्ट आहेत."
जयवंत हसला, मग त्याची बायको. भिवा हसला नाही. शेवटी म्हणाला, "मास्तर, तुमी वर्साच्या आत माझ्या भावाच्या घरात गोड खाल्लात. तुमका नाय म्हणना माका जमाचा नाय. पण एक सांगतंय. आता आठवीत नापास करतत. चेडू नापास झाला तर मगे शाळेचा नाव काढूचा नाय. माझ्यासमोर कोणी नाय, जयवंतान पण नाय."
कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२५ ऑक्टोबर
दादरहून बकुळाताईंचा फोन आला. पद्मजाची मोठी बहीण. दिवाळीत काही गोडधोड केलं नाही ना, असं विचारलं. मला खोटं बोलायचं नव्हतं.
"करंजी?" त्या म्हणाल्या.
"एकच."
"एक काय आणि दहा काय. पद्मजाचं वर्ष आहे, माधवराव. दुसऱ्या कुणाचं नाही."
मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठवीतली मुलगी?"
"हो."
"पद्मजानेही खाल्ली असती. आणि मी तिच्यावरही ओरडले असते."

५ नोव्हेंबर
तास आता चाळीत. तीन मजले चढून गेल्यावर बोलायला दम राहत नाही, मुलांना ते सोयीचं आहे. सगळी चटईवर, मी खुर्चीत, गंगुबाई कॉटवर. प्राचीला कंपास पुन्हा दिला.
आज काय कळलं नाही, हा प्रश्न गंगुबाईंनी माझ्याकडून काढून घेतला आहे. "कोणाक काय कळूक नाय आज? बोला पटापट." प्रत्येकाचं ऐकून घेतात, मान डोलावतात, जणू बीजगणित त्यांच्या शेतातलं आहे. आज सगळ्यांचं झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमका काय कळूक नाय?"
मी म्हटलं, "मी शिकवायला बसलोय."
"तां चलाचा नाय. सगळ्यांनी सांगूचा."
सगळी मुलं माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "गॅसचा सिलिंडर फोनवरून कसा मागवतात ते. ते पद्मजा करायची. मी सध्या बाहेरूनच खातो."
विनीतने माझा फोन घेतला आणि पाच जणांनी डोकी घालून सिलिंडर मागवला. त्यात तास गेला. प्राचीचं समीकरण राहून गेलं. उद्या घ्यायला हवं.

२ डिसेंबर
सात महिने. प्राची फार मागे आहे. वर्गात समजतं म्हणते, चटईवर बसली की समजत नाही. शब्द मराठीत सांगितला की गणित येतं, पेपर इंग्रजीत आहे. आम्ही प्रत्येक शब्द आधी मराठीत करतो, मग परत इंग्रजीत. खोदलेला खड्डा पुन्हा बुजवल्यासारखं वाटतं.

१९ जानेवारी
प्राची आज तासाला झोपली, वहीवर डोकं ठेवून. पहाटे उठून आजीचं सगळं तीच करते. विनीत उठवणार होता, मी नको म्हटलं. बाकीच्यांनी आवाज न करता गणितं केली. गंगुबाईंनी पडल्यापडल्याच स्वतःची शाल खाली सरकवली.
चाचणीत तिला गणितात फार कमी पडले. मी तिला काही बोललो नाही. जयवंतने मला गॅलरीत विचारलं, "होईल ना, सर?" मी हो म्हटलं. मला माहीत नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागला.
मुलं मला बसस्टॉपपर्यंत सोडायला येतात. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत. त्यांचा वेळ फुकट जातो.

२ मार्च
दहा महिने. दोन दिवस ताप होता, गेलो नाही. आज गेलो तर फळ्यासारखा पत्रा भिंतीला लावून प्राची मुलांना लंबदुभाजक शिकवत होती. दर ओळीला गंगुबाई विचारत होत्या, "हेचा मराठीत काय?" आणि ती सांगत होती. मी दारातच उभा राहिलो. मला बघून ती लाजून थांबली. तिला शिकवायला येतं, पण पेपर सोडवायला वेळ पुरत नाही, ही खरी अडचण आहे.

१९ मार्च
पाडवा. आमच्याकडे गुढी नाही. तिथल्या गॅलरीत होती. प्राचीने दोन तासांचा पेपर वेळ लावून सोडवला. शेवटचे दोन प्रश्न राहिले. मागच्या वेळी चार राहिले होते.

१५ एप्रिल
परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी फाटकाशी उभा राहतो. आत जाताना मुलं माझ्याकडे बघत नाहीत, मीही काही सांगत नाही. तरी गेलो नाही तर बरं वाटणार नाही.
गणिताचा पेपर एकवीसला. तिथीने पद्मजाचं वर्षश्राद्धही एकवीसला. पुष्कर आदल्या दिवशी येतोय. त्या दिवशी मला फाटकाशी येता येणार नाही, असं मुलांना सांगितलं. प्राची म्हणाली, "हो सर, तुमचं वर्ष आहे."

२१ एप्रिल
वर्षश्राद्ध झालं. पुष्करने सगळं नीट केलं. बकुळाताई सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या. मी मधे मधे घड्याळ बघत होतो, गुरुजींनी एकदा हळूच विचारलं, कुठे जायचंय का.
पानं वाढायच्या वेळी बेल वाजली. दारात विनीत आणि प्राची, शाळेच्या गणवेशात. पेपर देऊन परळहून थेट गिरगावात आली होती. विनीत आधीच आत बघत होता. प्राची उंबऱ्याबाहेर.
"सर, मी दारात उभी राहते. चालेल?"
"आत ये," मी म्हटलं. मग दार पूर्ण उघडलं आणि पुन्हा म्हटलं, "आत ये गं."
ती चप्पल काढून आली आणि फोटोसमोर उभी राहिली. "ह्या बाई?"
"हो."
"मला वाटलं उंच असतील."
विनीत म्हणाला, "सर सांगतात त्याच्यावरून उंचच वाटतात." बकुळाताई हातातलं भांडं घेऊन परत आत गेल्या, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.
मी विचारलं, "आज काय कळलं नाही?"
"शेवटचं एक," प्राची म्हणाली. "बाकी सगळी केली. बरोबर की चूक ते माहीत नाय." तिने दप्तरातून कंपास काढून फोटोपुढे ठेवला.
मी म्हटलं, "हा ठेव तुझ्याकडे. नववीत लागेल."
"लागेल ना, सर?"
मी तिला तो परत दिला. पुष्करने दोघांची पानं माझ्या शेजारी मांडली. बकुळाताईंनी खीर वाढली. वर्ष संपलं होतं, मीही घेतली. विनीतने तीनदा घेतली.

२ मे
निकाल. सकाळी लवकर निघून फाटकाशी उभा राहिलो. प्राची पास. गणितात काठावर, बाकी बरे आहेत. विनीतला तिच्याहून गणितात जास्त पडले, त्यावरून तो फाटकापासून चाळीपर्यंत बोलत होता. जयवंत गोदामातून अर्धा दिवस काढून आला होता. निकालपत्र त्याने भावाला फोनवर वाचून दाखवलं, प्रत्येक विषयाचे गुण, आणि मग फोन माझ्याकडे दिला. भिवा म्हणाला, "मास्तर, काठार म्हणजे पास?" पास, मी म्हटलं. "बरा तर," तो म्हणाला आणि ठेवून दिला. पुष्कळ झालं.
मेघना बाईंना मी सांगणार होतो की पुढच्या वर्षी जमणार नाही. वय झालं, जिने चढवत नाहीत. त्यांच्या खोलीबाहेर पालकांची रांग होती, म्हणून परत फिरलो. नंतर सांगेन.
गंगुबाई आता घोड्याला धरून गॅलरीपर्यंत येतात. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "जूनात नवी पोरां खंय बसतली? ही जुनी काय उठूची नाय. चटई पुरूची नाय, मास्तर. दुसरी हाडा."
पुष्करचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. "बाबा, आज ठीक आहात ना?" ठीक आहे म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. "ठीकच आहे रे. का?" काही नाही, म्हणाला. आवाज जरा वेगळा वाटला, कामाचा ताण असेल. रविवारी निवांत फोन करायला हवा.
चटई मोठी मिळाली. चाळीत ठेवून आलो असतो तर बरं झालं असतं, आता जूनमध्ये पुन्हा न्यावी लागेल. बसमध्ये उभी धरून बसलो. आज स्टॉप चुकला नाही.